वसंतातल्या पाणथळी आणि पक्ष्यांच्या पायातली कडी: या चुका टाळा

होळी झाली की बरेच पक्षीनिरीक्षक दुर्बीण कपाटात ठेवतात. बदकं कमी झाली, ऊन वाढलं, आता पुढच्या थंडीत बघू. ही पहिली चूक, आणि सगळ्यांत महागात पडणारी. उजनी धरणाचं पाणी फेब्रुवारीनंतर झपाट्यानं उतरतं, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रुंद ओले काठ उघडे पडतात. डिसेंबरात मैलोन्‌मैल विखुरलेले चिखलपक्षी (काठावरच्या चिखलात चरणारे पक्षी) त्या अरुंद पट्ट्यावर गोळा होतात. लांबच्या उड्डाणाआधी चरबी साठवायची असते, म्हणून दिवसभर खात असतात. पाणी उथळ असल्यामुळे पायही दिसतात. स्थलांतराच्या अभ्यासासाठी पायात घातलेलं क्रमांकाचं कडं किंवा रंगीत झेंडी (पायाला लावलेली प्लॅस्टिकची छोटी पट्टी) वाचायची असेल, तर फाल्गुन आणि चैत्र यांसारखा काळ नाही.

कडं घालणं हे निम्मंच काम आहे. भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते १९५९ साली, सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं हाती घेतलेल्या स्थलांतर अभ्यासातून. पण कडं घातलेला पक्षी पुन्हा कुणाला तरी दिसला आणि त्यानं तो नीट नोंदवला, तरच त्या कड्यातून काही कळतं. ‘नीट’ या शब्दातच बहुतेक घोळ होतात.

भरतीची वेळ न बघता खाडीवर जाणं

ठाणे खाडी, शिवडी, उरण या ठिकाणी घड्याळ भरतीचं चालतं. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर इतके दूर पसरतात की दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच नसतो. चिखलपक्षी तेव्हा उडून नवी मुंबईतल्या एनआरआय वसाहत आणि डीपीएस शाळेलगतच्या तलावांसारख्या किंवा उरणजवळच्या पाणजेसारख्या आतल्या पाणथळींवर विश्रांतीला येतात. म्हणून भरतीला खाडीच्या काठी उभं राहून ‘काहीच नाही’ म्हणत परतणारे खरं तर चुकीच्या जागी उभे असतात.

कोकण किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला साधारण सव्वाअकराला. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. हा अंदाज आहे. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोहोचतं, त्यामुळे निघण्यापूर्वी मुंबईच्या भरतीचं तक्ता-पत्रक बघायचंच. त्यातली नुसती वेळ बघून भागत नाही, उंचीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं आणि जवळजवळ सगळा चिखल झाकतं. अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीला बराच चिखल उघडा राहतो, आणि पक्षी आतल्या तलावांवर येतीलच असं नाही. चिखलावरचे पक्षी जवळून बघायचे असतील तर पाणी चढत असताना, भरतीच्या दोन-तीन तास आधी काठावर जाऊन बसा. पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. ऐरोलीहून निघणाऱ्या पक्षीदर्शनाच्या बोटफेऱ्याही भरतीवरच ठरतात, त्यामुळे शनिवारची सोय आणि खाडीची सोय दर वेळी जुळत नाही.

धरणाच्या पाणथळींवर भरतीचा प्रश्न नाही, तिथे उन्हाचा आहे. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. समोर सूर्य घेऊन पायातल्या झेंडीचा रंग ठरवणं व्यर्थ आहे: पांढरा, पिवळा, फिका निळा सगळं काळंच दिसतं. मार्चच्या मध्यानंतर नऊ-साडेनऊला चिखलावरून वाफा उठायला लागतात आणि स्कोपमधलं (तिवईवरच्या एकनळी दुर्बिणीतलं) चित्र थरथरतं. लोक मग स्कोप साठपटीवर नेतात. त्यानं थरथरही साठपट होते. वाफ असेल तर पट कमी करा, तीसच्या आसपास ठेवा, आणि अंतर कमी होण्याची वाट बघा. तेही जमत नसेल तर त्या दिवशीचं वाचन संपलं असं समजा. वाफेत ‘वाचलेला’ क्रमांक बहुतेक वेळा चुकीचा निघतो.

थंडीतला पक्षी डोक्यात ठेवून वसंतातला ओळखणं

नोव्हेंबरात पुस्तकावरून पाठ केलेले करडे चिखलपक्षी एप्रिलमध्ये ओळखू येत नाहीत. मालगुजाची मान आणि छाती विटकरी होते. कर्ल्यू सँडपायपर पोटापर्यंत तांबडा होतो. अडचण पूर्ण रंगलेल्यांची नाही, अर्धवट रंगलेल्यांची आहे. अशा पक्ष्याला रंगावरून नाव देऊ नका. चोचीची लांबी आणि बाक, पायांची लांबी, उडताना पाठीवर आणि शेपटीवर दिसणारा पांढरा पट्टा, या न बदलणाऱ्या गोष्टी आधी बघा. रंग शेवटी.

पायाच्या रंगावर तर वसंतात अजिबात विसंबू नये, कारण सगळ्यांच्या पायांना चिखल असतो. छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंक स्टिंटचे पिवळट-हिरवे, हा नियम खरा. पण काळ्या चिखलातून चालून आलेल्या टेमिंकचे पायही काळे दिसतात. पक्षी दोन पावलं पाण्यात जाऊन बाहेर येईपर्यंत थांबा.

वसंत एका बाबतीत मात्र उदार आहे. पिवळ्या धोब्याच्या उपजाती हिवाळ्यात एकमेकींपासून वेगळ्या काढणं बहुधा अशक्य असतं, पण मार्च-एप्रिलमध्ये नरांची डोकी रंगतात: कुणाचं गडद राखाडी, कुणाचं काळंभोर, कुणाचं फिकट निळसर आणि वर ठळक पांढरी भुवई. याच दिवसांत कुरवांची (सीगलची) डोकीही गडद तपकिरी होतात. त्यामुळे काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव यांत गोंधळ वाढतो. डोक्याचा रंग सोडून द्या. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग असतात. पाणलाव्यांबद्दल (स्नाइप) एकच सांगणं: शेपटी उघडलेली किंवा पंखाची खालची बाजू दिसली नसेल, तर नुसतं ‘पाणलावा’ लिहा.

कडं वाचताना

आधी कडं आहे की नाही याचीच खात्री करा. वाळलेल्या चिखलाचं वेटोळं, गळाची नायलॉन दोरी, आणि संक्रांतीनंतर तर मांजा, हे सगळं पायावर दुरून कड्यासारखं दिसतं. मांजा किंवा दोरी असेल तर तोही नोंदवण्याचा विषय आहे, पण वेगळा. पायात कडं असलेलं कबूतर दिसलं तर ते बहुधा शर्यतीचं किंवा पाळीव असतं. त्याचं कडं जोड नसलेलं, पिल्लू असतानाच घातलेलं असतं आणि त्यावर वर्ष असतं. त्याचा स्थलांतराच्या अभ्यासाशी संबंध नाही.

आता डावं-उजवं. सगळ्यांत जास्त नोंदी इथेच बाद होतात. पाय पक्ष्याचा, त्यामुळे डावं-उजवंही पक्ष्याचं. तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा डावा पाय तुमच्या उजव्या हाताला येतो. पाठमोरा असेल तर जसं दिसतं तसंच. संशय आला की पक्षी वळेपर्यंत थांबा आणि पाठमोऱ्या स्थितीत एकदा पक्कं करा. आरशात उलटा केलेला फोटोही इथे घात करतो. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र उलटवतात.

मग वर की खाली. चिखलपक्ष्याच्या पायात मागे वाकणारा जो सांधा दिसतो, तो गुडघा नव्हे, घोटा आहे. त्याच्या वरचा उघडा भाग आणि त्याच्या खालचा भाग, असे प्रत्येक पायाचे दोन, म्हणजे एकूण चार भाग. झेंडीचा रंग आणि ती कुठल्या भागावर आहे यांवरून ती कुठल्या देशातली हे ठरतं, म्हणून चारही भाग स्वतंत्र लिहा: डावा वर, डावा खाली, उजवा वर, उजवा खाली. एकाच भागावर दोन कडी असतील तर वरून खाली या क्रमानं. आणि इथे एक शिस्त पाळा. ‘काही नव्हतं’ आणि ‘दिसलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्षी एका पायावर उभा होता, किंवा घोट्यापर्यंत पाण्यात होता, तर खालचा भाग ‘दिसला नाही’. तिथे शून्य लिहिलंत तर नोंद वाचणारा माणूस एक संपूर्ण वेगळा पक्षी शोधत बसतो.

रंगाचं दुखणं दुहेरी आहे. सकाळच्या सोनेरी उजेडात पांढरी झेंडी पिवळी दिसते, आणि काही वर्षं ऊन-मीठ खाल्लेली पिवळी झेंडी पांढरी पडते. नारिंगी फिकी होऊन पिवळ्याकडे झुकते. हिरवा आणि निळा तर सावलीत एकच. पक्ष्याच्या अंगावरच्या पांढऱ्या पिसांशी तुलना करा: झेंडी त्या पांढऱ्यासारखीच आहे, की तिच्यात काही छटा आहे? खात्री नसेल तर ‘हिरवी किंवा निळी’ असंच लिहा. ज्यानं झेंडी लावली त्याच्याकडे यादी असते, दोनपैकी कुठलं शक्य आहे ते तो ताडून बघतो. तुम्ही एकच रंग ठामपणे लिहिलात तर ती संधीच जाते.

झेंड्या, मोठ्या पक्ष्यांच्या पायातली प्लॅस्टिकची कडी आणि पट्टकादंबांच्या (बार-हेडेड गूज) गळ्यातले पट्टे यांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर दिसलेले आहेत. हे पक्षी मार्चमध्ये निघून जातात, त्यामुळे फेब्रुवारीचे शेवटचे आठवडे त्यांच्यासाठी राखून ठेवा. वाचताना ठरलेल्या जोड्या फसवतात: शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, आठ आणि बी, दोन आणि झेड, सहा आणि जी, यू आणि व्ही. तीन आणि आठ यांतही तोच धोका, कारण वळणातला डावा भाग कड्याच्या गोलाईत लपतो. मोठ्या कड्यांवर तोच क्रमांक पायाभोवती पुन्हा पुन्हा कोरलेला असतो, म्हणून पक्षी वळला की दुसऱ्या बाजूनं तोच ताडा. काही कड्यांवर क्रमांक उभा असतो. तो खालून वर वाचायचा की वरून खाली हे ठरवू नका, अक्षरांची डोकी कुठल्या बाजूला आहेत ते लिहा.

दोघं असाल तर दोघांनी स्वतंत्र वाचा, एकमेकांना सांगण्याआधी लिहा, मग जुळवा. एकानं ‘पाच’ म्हटलं की दुसऱ्याला पाचच दिसतो. एकटे असाल तर स्कोपला डोळा लावलेला असतानाच फोनवर बोलून ठेवा. डोळा काढून वहीकडे वळेपर्यंत मधलं अक्षर डोक्यातून निसटतं. आणि नेटवर आधी शोधून ‘हा तोच असणार’ म्हणत परत बघायला जाऊ नका. अपेक्षा अक्षरं घडवते.

फोटोबद्दल. चालत्या चिखलपक्ष्याच्या पायासाठी शटर किमान १/१६०० ठेवा, कारण पाय हा पक्ष्याचा सगळ्यांत वेगानं हलणारा भाग आहे आणि शरीर स्पष्ट असूनही पाय फाटलेला येतो. पांढरी किंवा पिवळी झेंडी उन्हात जळते आणि वरची अक्षरं नाहीशी होतात. म्हणून प्रकाश पाऊण ते एक पायरी कमी ठेवून घ्या, अंग थोडं काळं आलं तरी चालेल. एक ‘चांगला’ फोटो नको, पंचवीस साधे हवेत. धातूच्या कड्यावरचे आकडे गोलाईवर पसरलेले असतात, एका फोटोत दोन-तीनच येतात. बदक, हंस किंवा करकोच्याच्या बाबतीत वेगवेगळ्या कोनांतले फोटो जोडून पूर्ण क्रमांक मिळू शकतो. छोट्या टिलव्याच्या पायातलं धातूचं कडं मात्र दुरून वाचता येत नाही, त्यामागे सकाळ घालवू नका. फक्त ‘धातूचं कडं, उजवा खाली’ एवढंही उपयोगी आहे. पाठवताना मूळ फोटो पाठवा, कापलेला किंवा ‘शार्प’ केलेला नाही. शार्प करणारं सॉफ्टवेअर तीनचा आठ करतं.

नोंद पाठवताना

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे नोंद नव्हे. तिथे अंगठे मिळतात, तारीख आणि जागा हरवते. भारतात घातलेल्या कड्यांसाठी बीएनएचएसला कळवा. धातूच्या कड्यावर संस्थेचं नाव इंग्रजीत असतं, आणि रशियाकडून आलेल्या पक्ष्यांच्या कड्यावर ‘मॉस्क्वा’ ही अक्षरं दिसू शकतात. परदेशी झेंडी असेल तरी तेच ठीक, योग्य ठिकाणी ती पुढे जाते. एकच नोंद पाच जणांना पाठवली की ती पाच वेळा दाखल होण्याचा धोका असतो. पाठवलीच असेल तर कुणाकुणाला पाठवली ते प्रत्येकाला सांगा. उत्तर यायला महिने लागू शकतात.

अशी नोंद पुरेशी होते:

पक्षी: मालगुजा, अर्धा रंगलेला.
जागा: तलावाचं नाव, जवळचं गाव, तालुका, आणि जीपीएसचे चार दशांश.
तारीख, वेळ: सकाळी ७:४०.
डावा वर: पिवळी झेंडी (फिकी, पांढरी असू शकते), काळी अक्षरं. पहिलं नक्की, दुसरं तीन किंवा आठ.
डावा खाली: काही नाही. उजवा वर: काही नाही. उजवा खाली: दिसला नाही, पाण्यात.
अंतर: सुमारे ६० मीटर, स्कोप ४० पट.
थवा: १४०, त्यांपैकी पाय तपासलेले ८५, खूण असलेला १.

चार दशांश म्हणजे साधारण अकरा मीटरपर्यंतची अचूकता, तेवढी पुरे. शेवटची ओळ बहुतेकजण गाळतात आणि ती फार मोलाची आहे. किती पायांत खूण शोधली आणि किती सापडल्या, या प्रमाणावरून थव्यात कडी असलेल्या पक्ष्यांचं प्रमाण काढता येतं. दिवसभर पाय तपासून एकही कडं न सापडणं हीसुद्धा नोंद आहे.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सकाळी नांदूर मध्यमेश्वर, दुपारी शेत, संध्याकाळी गावचं तळं, हे सगळं एका यादीत. जागा बदलली की यादी बदला. संख्येच्या जागी ‘आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा अंदाज लिहा. दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा, आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते मोजा. रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात लोक जवळचे मोजून लांबच्यांना तोच गुणक लावतात. लांबचे एकमेकांमागे दडतात, तिथे वेगळं मोजा.

घरट्यावर पाय पडणं

हा मजकूर इथे आहे याचं कारण असं की वसंतातली सगळ्यांत मोठी हानी याच चुकीनं होते, आणि करणाऱ्याला ती कळतही नाही. पाणी उतरलं की त्याच उघड्या काठावर टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या, आर्ली, नदी सुरय यांची वीण सुरू होते. घरटं म्हणजे वाळूत एक खळगा आणि खडीच्या रंगाची अंडी. कडं वाचायला पुढे सरकताना डोळा स्कोपमध्ये असतो आणि बूट अंड्यांवर.

एप्रिलच्या दुपारी इथला पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. काही जण पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. तुम्ही पंधरा मिनिटं जवळ उभे राहिलात, तो बाजूला ओरडत राहिला, आणि अंडी त्या उन्हात तापली, की ती संपली. अंडी तशीच दिसतात, फक्त त्यांतून काही निघत नाही.

खुणा ओळखा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालते, चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जातो, शेकाट्या कर्कश ओरडत उथळ पाण्यात बसल्यासारखा करतो. यांपैकी काही दिसलं की जिथे आहात तिथे थांबा, पायाखाली बघा, आणि आलात त्याच पावलांवरून मागे जा. कडं उद्या वाचता येईल. काठावर सकाळी दहानंतर मे महिन्यापर्यंत फिरूच नये हे उत्तम. घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका, फोटोतली जीपीएस माहितीही काढून टाका.

बोटीतून बघताना जबाबदारी तुमची. रोहितांचा थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून काही जण नावाड्याला थवा उडवायला सांगतात, आणि गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून नावाडीही ते करतात. बोटीत बसण्याआधीच स्पष्ट सांगा: थव्याच्या दिशेनं सरळ नको, इंजिन लांबच बंद करा, बोट वाऱ्यावर जाऊ द्या. चरणाऱ्या पक्ष्यानं मान वर केली आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, की तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. उत्तरेकडे निघण्यासाठी साठवलेली चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते.

रिंगिंगच्या (कडी घालण्याच्या) ठिकाणी गेलात तर

पक्षी पकडणं आणि कडं घालणं हा छंद नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संशोधनासाठी पकडायलाही परवानगी लागते. कुणी ‘शिकवतो’ म्हणून तळ्यावर जाळी लावत असेल तर परवानगीपत्र बघायला मागा, आणि नसेल तर वनविभागाला कळवा. बीएनएचएसच्या कामात पिढीजात पक्षी पकडणारे बिहारचे मीरशिकारही सामील झाले. त्यांच्या हातांची सफाई वर्षांची असते, दोन दिवसांच्या शिबिरात ती येत नाही.

मदतनीस म्हणून गेलात तर बिघाड कुठे होतो ते आधी जाणून घ्या. पाण्यावर लावलेल्या जाळ्याचा खालचा खिसा पक्ष्याच्या वजनानं खाली ओघळतो. रिकामा असताना वर वाटणारं जाळं भरल्यावर पाण्याला टेकतं आणि पक्षी बुडतो. म्हणून वजन धरूनही तो खिसा हातभर वर हवा, आणि खाडीवर जाळं ओहोटीला लावलं असेल तर भरतीची उंची धरून. जाळं दर वीस मिनिटांनी, ऊन चढलं की त्याहून लवकर बघायचं. वारा सुटला की जाळं दिसतं आणि पक्षी जास्त गुरफटतोही, तेव्हा गुंडाळा. चांदण्या रात्रीही चिखलपक्ष्यांना जाळं दिसतं, अंधाऱ्या पंधरवड्याची निवड त्यासाठी असते.

शेकाट्या, मालगुजा यांसारखे लांब पायांचे पक्षी कापडी पिशवीत जास्त वेळ ठेवले तर पाय आखडतात, आणि काहींना नंतर उभंच राहता येत नाही. त्यांना डोकं वर करून उभं राहता येईल असा हवेशीर, काळोखा खोका लागतो, आणि काम त्यांचं आधी करायचं. पोटावर पिसं झडून उघडी पडलेली कातडी, म्हणजे अंडी उबवणारा पक्षी, रांगेत सगळ्यांत पुढे. चोच उघडून धापा टाकणारा पक्षी मोजमाप न करता सोडून द्यायचा. आकडा पुन्हा मिळेल.

वजनातली चूक पिशवीची असते. पिशवी ओली झाली की तिचं वजन बदलतं, आणि पंचवीस ग्रॅमच्या टिलव्याला दोन ग्रॅमचा फरक मोठा. प्रत्येक पक्ष्यानंतर रिकामी पिशवी पुन्हा तोला. पंखाची लांबी दाबून सरळ करून घेतली की नैसर्गिक बाकासह, ते वहीत लिहा, दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक पडतो. कड्याची टोकं एकमेकांना नेमकी भिडली पाहिजेत. फट राहिली तर दोरा-गवत अडकतं, एकावर एक चढली तर पायाला काचतं. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि आकडे पुसतात, म्हणून खाडीच्या पक्ष्यांना कठीण मिश्रधातूचं कडं. प्लॅस्टिकच्या झेंडीचा गोंद पुरता सुकेपर्यंत पक्षी हातातच राहतो. घाईत सोडला तर झेंडी पिसांना चिकटते. उपग्रह किंवा जीपीएस टॅगचं वजन साधारण पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवतात. बीएनएचएसनं २०२२ मध्ये ठाणे खाडीत सहा रोहितांना असे टॅग लावले, आणि त्यातून हे पक्षी गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येतात हे प्रत्यक्ष दिसलं.

पाठीवर यंत्र असलेला किंवा मेलेला पक्षी सापडला तर

पाठीवर अँटेना दिसली की ‘हेर’ म्हणून पक्षी पकडून बांधून ठेवण्याच्या घटना होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये कारवारमध्ये असंच एक गिधाड संशयात सापडलं. ते ताडोब्यात टॅग लावून सोडलेलं निघालं. गावात कुणी विचारलं तर एवढंच सांगा: यंत्र फक्त पक्षी कुठे आहे ते सांगतं. पक्षी धडधाकट असेल तर हात लावू नका, दुरून फोटो आणि क्रमांक घ्या. जखमी असेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन. जिवंत पक्ष्याचं कडं कुणीही काढायचं नाही, ते सैल किंवा झिजलेलं दिसलं तरी.

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, आणि एकाच काठावर अनेक मेलेले दिसले तर आधी वनविभाग आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा, बर्ड फ्लूची शक्यता असते. कड्याचा फोटो पायावर असतानाच घ्या, फिरवत फिरवत चार बाजूंनी. क्रमांक, पायाची बाजू, पक्षी ताजा की वाळलेला, मृत्यूचं कारण दिसत असेल तर तेही: वीजवाहिनीखाली, जाळ्यात, कुत्र्यांनी. कडं आधीच सुटून आलेलं असेल तर सपाट करू नका, घासून चकाकवू नका, पुसट आकडे त्यातच जातात. पाण्यानं हलके धुवा, कागदात गुंडाळा, वर तारीख आणि जागा लिहा, आणि संस्थेनं मागेपर्यंत जपून ठेवा.